मेडिकल कॉलेज ओरोसला आले. आत कोण जाणार?

आपल्या सिंधुदुर्गात आजाऱ्याची चौकशी करायला कुणाच्या घरी जावे आणि ओटीवरून “बांबोळीक न्हेलो” एवढेच उत्तर यावे, की पुढे विचारायचे काही उरत नाही. दुखणे मोठे आहे, खर्च मोठा आहे आणि घरातल्या बाईच्या गळ्यातला डाग आता कुठेतरी गहाण पडणार आहे, हे सगळे त्या दोन शब्दांत येते. मालवणच्या किनाऱ्यावरून बांबोळी शंभर किलोमीटरहून लांब. मध्ये राज्याची हद्द. तिथले गोवा मेडिकल कॉलेज मूळचे १८४२ सालचे, पोर्तुगीज अमदानीत पणजीला सुरू झालेले. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसे तिथून बरी होऊन घरी आली, हे कुणी नाकारणार नाही. पण जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झाले आणि दोडामार्गापासून मालवणपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न आला: आता जायचे कुठे?

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा पुढची चाळीस वर्षे मेडिकल कॉलेजाविना होता. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीत, १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. त्याच सुमारास पडवे येथे १५० जागांचे खासगी मेडिकल कॉलेजही सुरू झाले. दोन्ही कॉलेजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले.

“म्हणजे आता बांबोळी सुटली?” असे आम्हाला वाडीवाडीत विचारले जाते. मेडिकल कॉलेज एका दिवसात उभे राहत नाही. त्याला शिक्षक लागतात, यंत्रे लागतात, हात बसलेल्या परिचारिका लागतात. ते होईल तेव्हा होईल, आणि ते व्हावे म्हणून बोलत राहिले पाहिजे. पण आम्हाला वाचकांपुढे वेगळाच प्रश्न मांडायचा आहे. मेडिकल कॉलेज म्हणजे फक्त मोठा दवाखाना नव्हे. तिथे रोग बरे करतात, तसेच डॉक्टर घडवतात आणि रोगांचा शोधही घेतात. या तीन कामांपैकी पहिल्या कामात आपण आहोतच, रुग्ण म्हणून. उरलेल्या दोहोंत आपण कुठे आहोत?

आमच्या एका चुलत्यांची गोष्ट सांगतो. पावसाच्या तोंडावर गवत कापताना त्यांना फुरसे चावले. बर्फ वाहणाऱ्या मासळीच्या टेम्पोतून त्यांना नेले, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवले गेले आणि शेवटी जिल्ह्याबाहेरच्या एका मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात दाखल केले. फुरशाचे विष रक्त गोठू देत नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. तिथे एक साधी तपासणी करतात: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, ती न हलवता वीस मिनिटे ठेवायची आणि मग कलती करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर विष अंगात काम करीत आहे. चुलत्यांच्या उशाशी अशी नळी उभी होती आणि भोवती दहा-बारा शिकाऊ पोरे. प्राध्यापक विचारीत होते, पोरे उत्तरे देत होती, एकाने चुलत्यांचा ओठ वर करून हिरड्या सगळ्यांना दाखवल्या. सर्पविषावरची लस टोचून चुलते वाचले. आम्ही भेटायला गेलो तर म्हणाले, “रोज पोरां येतत, माझे दात बघतत आनि लिवन घेतत. मी काय पुस्तक आसंय?”

आम्ही तेव्हा हसलो. पुढे कळले, की चुलत्यांनी नेमके बोट ठेवले होते. वैद्यकशास्त्राचे खरे पुस्तक सरकारी वॉर्डातला गरीब माणूसच आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे तो खासगी खोलीत निजतो, त्याच्याभोवती वर्ग भरत नाही. गिरणी कामगार, हमाल, मोलकरीण, गवंड्याच्या हाताखालची बाई यांच्या छातीवर नळी ठेवून, यांच्या पोटावर हात दाबून पिढ्यान् पिढ्या डॉक्टर तयार झाले.

पहिला धडा

याहून खोल जायचे तर पहिल्या वर्षाच्या वर्गात जावे लागते. एमबीबीएसचे शिक्षण साडेचार वर्षांचे आणि त्यावर एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे एकूण साडेपाच वर्षांचे. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय असतात. शरीररचना पुस्तकावरून शिकता येत नाही. लांबलचक खोलीत टेबले, टेबलावर फॉर्मेलिनमध्ये राखलेले शव, डोळ्यांना झोंबणारा वास, आणि भोवती बारावी पास झालेली पोरे. अनेक कॉलेजांत शवाला हात लावण्याआधी विद्यार्थी उभे राहून शपथ घेतात, की या देहाचा मान राखू.

हा देह येतो कुठून? आज देहदानाचे अर्ज भरणारी माणसे आहेत आणि त्यांचा आम्हाला आदर आहे. पण कायदा मुळात त्यांच्यासाठी झाला नव्हता. आपल्या राज्याचा शरीररचनाशास्त्र अधिनियम १९४९ सालचा. दवाखान्यात, तुरुंगात किंवा सार्वजनिक जागी मेलेल्या ज्या माणसावर कुणी नातेवाईक हक्क सांगत नाही, त्याचा देह शिक्षणासाठी देता यावा म्हणून तो केला गेला. इंग्लंडने १८३२ साली असाच कायदा केला, तेव्हा तिथेही टेबलावर आला तो अनाथाश्रमातला कंगाल माणूस. बेवारस कोण मरतो? गाव सोडून शहरात आलेला, फुटपाथवर निजणारा, ज्याच्या घरी तार पोचत नाही असा. त्याची जात कुणी लिहून ठेवलेली नाही, पण अंदाज बांधायला फार शहाणपण लागत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मेलेले ढोर ओढणे, मयताची वर्दी गावोगाव पोचवणे, सरणाची लाकडे फोडणे ही कामे आपल्या वाडवडिलांच्या गळ्यात बांधली होती आणि ती करतात म्हणून त्यांना हलके ठरवले होते. मृत देहाला लागलेला हात विटाळाचा. मग १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले आणि त्याची नोंद इतिहासात झाली. ते धाडसाचे होते यात शंका नाही, कारण ज्या समाजात ते वाढले तिथे शवाला शिवणे हे पाप होते. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि तिथेही तोच धडा सुरू झाला. पण गंमत पाहा. तोच स्पर्श गावकुसाबाहेरच्या माणसाने केला तर तो अस्पृश्य, आणि कॉलेजच्या टेबलाशी केला तर देशातल्या सर्वांत मानाच्या धंद्याचा पहिला धडा. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या आज्या-पणज्यांनी ढोरे ओढणे सोडले, उपास काढले, पण ते काम पुन्हा धरले नाही. त्यांच्या नातवंडांनी आता त्या टेबलाशी हातात सुरी धरून उभे राहावे असे आम्हाला वाटते, आणि ते वाटणे केवळ मानासाठी नाही. त्याचे कारण संशोधनाच्या गोष्टींत दिसते.

शोध कुणी लावला, कुणावर लावला

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वॉल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक लहानशी जागा देण्यात आली. तिथे थोड्या महिन्यांत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. हे मोठेपण मान्यच. त्यानंतर लस कुणाला टोचली? भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. ते स्वखुशीने पुढे आले, असे नोंदींत आहे. तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना लागण होऊन ६ मेले. घेतलेल्यांत दोघांना लागण झाली, मेले कुणी नाही. लस काम करते, हे जगाला कैद्यांच्या अंगावरून कळले. त्याच सालच्या १० मार्चला पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले होते आणि दवाखाना चालवीत होता त्यांचा दत्तक मुलगा, डॉ. यशवंत. रोग्याच्या घरातून डॉक्टर निघाला, तर रोग्याला खांद्यावर घेणारे हातही निघतात.

परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच. आमच्या चुलत्यांना वाचवणारी लस ज्या जातीची, ती सर्पविषावरची लस घोड्यांच्या रक्तापासून तिथे वर्षानुवर्षे तयार झाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ती चालते.

दुसरी गोष्ट आपल्या कोकणातली. महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आणि १९२७ साल आठवते. त्याच महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून शिकून आलेले, गरीब घरातले. कोकणात लाल विंचू चावला की पोरे घामाघूम होत, हातपाय थंड पडत, तोंडाला फेस येई आणि काही तासांत मरत. शंभरातली चाळीस दगावत असत. पुस्तकात याला नीट उत्तर नव्हते. बावस्करांनी प्रत्येक रोग्याजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची तासातासाने नोंद ठेवली आणि ओळखले, की विंचवाचे विष हृदयावर आघात करते. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध वेळेवर दिले तर रोगी वाचतो, हे त्यांनी दाखवले. ‘लॅन्सेट’ या विलायतेतल्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकाने १९८० च्या दशकात त्यांचे लेखन छापले. मृत्यूचे प्रमाण शंभराला एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही, वातानुकूलित खोली नाही. होती ती वही, आणि ‘हे पोर मेले तर कुणाचे काय बिघडते’ असे न म्हणणारा माणूस. विंचू चावणारे पोर गवताच्या घरात झोपते, अनवाणी फिरते. ते ज्याने स्वतः अनुभवले आहे त्याला तो रोग क्षुल्लक वाटत नाही. आम्ही संशोधनाला जातीचा रंग देत आहोत असे कुणी म्हणेल. म्हणोत. कुठला प्रश्न विचारायचा हे विचारणारा कुठून आला त्यावर ठरते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता आपल्या दाराशी या. २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात लोकांना एकाएकी ताप येऊ लागला. डोके फुटेल असे दुखणे, अंग मोडून येणे, काहींना रक्तस्राव. जंगलात माकडे मरून पडत होती. रक्ताचे नमुने तपासले गेले आणि कळले की हा माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप. कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली तो प्रथम सापडला होता. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली आला आणि वर्षभरात आपल्याकडे. २०१७ साली सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला पसरला. तो माकडापासून थेट येत नाही. गोचीड चावल्याने येतो, आणि गोचीड असते पाचोळ्यात. जानेवारी ते मे या दिवसांत पाचोळ्यात कोण बसते? काजूच्या बागेत बी गोळा करणारी बाई, पातेरा ओढून आणणारी पोर, गुरांमागे जाणारा म्हातारा. रोग झालेल्या शंभरांतील तीन-चार माणसे यात जातात.

या तापावर काम झाले आहे आणि चांगले झाले आहे. पण नमुने जात पुण्याला, अहवाल येई तिथून. आता ओरोसला कॉलेज आहे, तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे, समाजवैद्यक विभाग आहे. काजूच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बाईची मुलगी त्या विभागात असेल, तर ती विचारील, की बाईला मजुरीबरोबर अंगभर कपडा आणि बूट कोण देणार? गोचिडीवर लावायचे तेल घामाने किती वेळात धुपते? पातेरा ओढणे बंद करा म्हणता, मग भाताच्या तरव्याची भाजावळ कशाने करायची? हे प्रश्न विचारायला हुशारी लागते, पण नुसती हुशारी पुरत नाही.

सही करण्यापूर्वी

संशोधनाला आपली माणसे लागतात आणि लागणारच. ते नाकारून चालणार नाही, कारण औषध शेवटी आपल्यालाच हवे आहे. पण विचारून घेणे वेगळे आणि गरीब म्हणून घेणे वेगळे.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे नामांकित इस्पितळ आहे. १९५१ साली तिथे हेन्रिएटा लॅक्स नावाची कृष्णवर्णीय बाई उपचाराला आली. तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई, वय एकतीस. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. गरीब काळ्या माणसांना दारात उभे करणारी इस्पितळे तेव्हा थोडी, त्यांतले हे एक. डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला. तिला विचारले नाही. माणसाच्या पेशी शरीराबाहेर फार काळ जगत नसत. हिच्या मात्र वाढतच राहिल्या. ती ४ ऑक्टोबर १९५१ रोजी गेली. तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या, पोलिओच्या लशीची परीक्षा त्यांच्यावर झाली, कंपन्यांनी त्या विकल्या. घरच्यांना वीसेक वर्षे काही माहीत नव्हते. लॅक्सच्या वारसांनी एका मोठ्या कंपनीवर दावा केला आणि २०२३ साली तडजोड झाली, म्हणजे बाहत्तर वर्षांनी.

हे अमेरिकेतले झाले म्हणून निश्चिंत होऊ नका. २००९-१० साली आंध्रातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे शाळकरी मुलींना त्याच कॅन्सरला प्रतिबंध करणारी लस देण्याचा एक अभ्यासप्रकल्प झाला. खम्मममध्ये त्यांतल्या अनेक मुली वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी होत्या. संमतीच्या कागदावर आई-बापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्या गेल्या. काही मुली मरण पावल्या. त्यांचे मृत्यू लशीने झाल्याचे चौकशीत आढळले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती लस चांगली आहे आणि मुलींना द्यावी असे डॉक्टर सांगतात. पण संमतीचा जो खेळ झाला त्यावर संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली कडक ताशेरे ओढले. आपली पोरे वसतिगृहात शिकतात, म्हणून हे लक्षात ठेवा.

तेव्हा मेडिकल कॉलेजात कुणी “एका अभ्यासासाठी सही करा” म्हटले, तर घाबरू नका आणि घाईही करू नका. कागद मराठीत मागा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, साक्षीदार बसवा. हे उपचार आहेत की प्रयोग, असे सरळ विचारा. नाही म्हटले तर माझे नेहमीचे उपचार थांबणार का, हे विचारा. थांबवता येत नाहीत. मध्येच बाहेर पडायचा हक्क आहे. नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते, असे २०१९ चे नियम सांगतात. प्रत्येक अभ्यासाला कॉलेजच्या नीतिमत्ता समितीची मान्यता लागते, आणि त्या समितीत डॉक्टर नसलेला सामान्य नागरिकही बसतो. ती खुर्ची आपल्यापैकी कुणी का मागू नये?

अकरा जागा

आता मुलांविषयी. ओरोसला कॉलेज आले म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना जागा मिळाल्या, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. १०० जागांपैकी १५ देशभराच्या यादीतून भरतात आणि ८५ राज्याच्या. या ८५ मध्ये अनुसूचित जातींना १३ टक्के, म्हणजे सुमारे अकरा जागा, आणि त्या अकरा जागांवर साऱ्या महाराष्ट्रातली मुले अर्ज करतात. दहावी-बारावीच्या निकालात आपला कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, पण नीटची शिकवणी मिळते लातूरला, पुण्याला. किनाऱ्यावरची पोर बारावीला ऐंशी टक्के मिळवते आणि मग कुणीतरी सांगते म्हणून कुठल्यातरी कोर्सला जाते. नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञ हेही उत्तम मार्ग आहेत, त्यांना आम्ही कमी लेखत नाही. पण ज्या पोरीला डॉक्टर व्हायचे आहे तिला नववीतच हे ठाऊक असायला हवे.

कागदांचेही तसेच. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्यामागे किती मोर्चे होते ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्या हक्काचा उपयोग करायचा तर जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र हातात लागते. वैधतेला आजोबांच्या काळचा दाखला लागतो, तो गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात असतो, आणि आजोबा मुंबईला गिरणीत होते, तर तो कुठल्या म्युनिसिपल शाळेत ते शोधावे लागते. अकरावीतच कामाला लागा. प्रवेशाच्या आठवड्यात दाखला आला नाही म्हणून जागा गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत. आई-बापांचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून फी भागते, तेव्हा फीच्या भीतीने अर्जच न भरणे हा वेडेपणा आहे.

प्रवेश मिळाला म्हणजे सगळे झाले असेही नाही. मालवणच्या माणसाला ‘टोपीवाला’ हे नाव हायस्कुलाच्या पाटीवरून ठाऊक असते. कुडाळ तालुक्यातील वालावलचे हे देसाई घराणे टोप्यांच्या व्यापारावर मुंबईत मोठे झाले. असहकाराच्या चळवळीत १९२१ साली मुंबईत निघालेल्या नॅशनल मेडिकल कॉलेजला याच घराण्याने पुढे पाच लाख रुपये दिले आणि त्याचे नाव टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज झाले. त्याला जोडलेले नायर हॉस्पिटल आपल्या मुंबईकरांना माहेरासारखे परिचयाचे. कोकणातून गेलेल्या किती गिरणी कामगारांच्या बायका तिथे बाळंत झाल्या असतील, त्याची गणती नाही. त्याच कॉलेजात जळगावकडची डॉ. पायल तडवी ही तडवी भिल्ल समाजातली मुलगी स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वय सव्वीस. २२ मे २०१९ रोजी तिने आपले जीवन संपवले. तिघी वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, त्यांना अटक झाली, खटला उभा राहिला. त्याच वर्षी पायलची आई आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई, या दोघी मिळून सुप्रीम कोर्टात गेल्या, की विद्यापीठांतला जातिभेद रोखणारे नियम नीट अमलात आणा.

पायलच्या आईने आपल्या परीने तक्रार केली होती असे ती सांगते. म्हणून आई-बापांना आमची विनंती आहे, पोरीला वसतिगृहात सोडून आलात की फोनवर “अभ्यास होतोय ना” एवढेच विचारू नका. जेवायला कुणाबरोबर बसतेस, वॉर्डात तुला शस्त्रक्रियेला उभे राहू देतात की नुसते कागद भरायला लावतात, हे विचारा. ती गप्प राहिली तर गाडी पकडा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

परवा आम्ही एका बौद्धवाडीत होतो, तेव्हा पांढरे डगले घातलेली चार मुले-मुली बोळातून वर आली. अलीकडे एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली तीन ते पाच कुटुंबे दत्तक दिली जातात. शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या आरोग्याची नोंद त्याने ठेवायची असते. एक मुलगी ओटीवर बसून म्हातारीचा रक्तदाब घेऊ लागली. म्हातारीने हात पुढे केला आणि विचारले, “खयच्या गावची गो तू?”

“लातूरची, आजी.”

“इतक्या लांबसून इलंस? आवशीक फोन करतंस मां?”

पोरगी मान हलवून आकडा लिहून घेऊ लागली. म्हातारीची नात नववीत, ती दाराच्या चौकटीला टेकून त्या नळीकडे आणि फुगणाऱ्या पट्ट्याकडे टक लावून पाहत होती. म्हातारीने ते पाहिले.

“डॉक्टर होवक किती वर्सां लागतत गो?”

“बारावीनंतर साडेपाच, आजी.”

म्हातारी बोटांवर मोजू लागली. नववी, दहावी, अकरावी, बारावी, आणि वर साडेपाच. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमले.

“मगे मी पंच्याऐंशी वर्साची होतलंय,” ती म्हणाली, आणि दुसरा हात पुढे केला. “ह्या हाताचा पन बघ.”